डावा समास

नवव्या भागाची मुद्रितं आली गुरुवारी,
चहाच्या गोल डागासकट.
नारायण पेठेतला छापखान्याचा जिना तेवढाच अरुंद,
माझे गुडघे मात्र पहिल्या भागाच्या वेळचे नाहीत.

पहिल्याच पानावर एक मुलगी.
नाव मेघण, वय सोळा.
दातांत दोरी धरून धुळघोड्यावर खोगीर कसते आहे
आणि मला ठाऊक नाही ही कोण.

एकोणतीस वर्षं मी इरावीच्या मागे चालले,
ऱ्हस्वदीर्घ तपासत,
तिच्या जखमांचे दिवस मोजत,
मंगळवारी मोडलेला हात शुक्रवारी तलवार उचलणार नाही
याची काळजी घेत.
टिळेकर लिहायचे आणि विसरायचे.
माझ्या वहीत सगळं आहे: घोड्यांची नावं, मेलेल्यांची यादी,
कोणत्या भागापर्यंत कुणाला पोहता येत नव्हतं.

सातवं दार म्हणजे कात्रजचा जुना बोगदा,
हे बहुधा मला एकटीलाच कळलं होतं.
भोरहून येताना एसटी आत शिरली
की अजून मी तळव्याने डावा कान झाकते.
दार मिटावं म्हणून इरावीने तोच दिला होता,
डाव्या कानाचं ऐकणं, सगळंच्या सगळं.
दाराला दुसरं काही नको होतं.

आता ती एकतिसाव्या पानावर येते.
केस पिकलेले, बोटांना भाकरीचं पीठ.
मुलगी दारातून हाक मारते, ती वळते, म्हणते,
"अंधाराच्या आत ये गं."
बस्स.
जिने धुक्याच्या राजाला त्याच्याच गादीवरून हुसकलं
तिला एक वाक्य,
तेही उद्गारचिन्हाशिवाय.
मी पेन्सिल खाली ठेवली. खाली रस्त्यात
एका रिक्षात सात दप्तरं आणि नऊ पोरं कोंबली जात होती.

चूक सापडली एकशे बाराव्या पानावर.
निघायच्या आदल्या रात्री मेघण
आईच्या डाव्या अंगाला बसते, पुटपुटते,
"मी परत येणार नाही,"
आणि इरावी हसून मान हलवते.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला.
समासात लाल शाईने लिहिलं:
भाग आठ, पान ३०४. हा कान गेला आहे. ऐकू कसं आलं?

संध्याकाळी टिळेकरांचा फोन, मागे कुकरची शिट्टी.
"रिसबूडबाई, नव्या पोरांनी आठवा भाग वाचलेलाच नाही."
मग बराच वेळ काही नाही.
"बघतो. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी शेलारांची नात कागदाच्या रिमांवर मांडी घालून.
शाळेला सुट्टी, हातात माझेच सुटे ताव,
कडांना चिवड्याचं तेल.
जुना एकही भाग हिने पाहिलेला नाही.
मी विचारलं, एकशे बारा आलं का?
"आलं."
मग?
"मग काय. आईला ऐकूच नाही आलं. ती नुसती हसली.
मेघणला माहितीये ते. म्हणून तर त्या बाजूला बसली."
तुला कुणी सांगितलं?
"सांगायला कशाला पाहिजे? एकतीसवर बघा,
हाक मारली तर ती अख्खीच्या अख्खी वळते.
आमचे आजोबा तसेच वळतात."

यंत्राशी शेलार वाकलेले. मी हाक मारली.
ते वळले, खांदे, कंबर, चपला, सगळे.

एकतिसावं पान काढलं.
'इरावी सगळीच वळली.'
होतं तिथे.
मी दोनदा वाचलं होतं, उद्गारचिन्ह शोधत.

टिळेकरांना हे ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.
त्यांचाही फोन आला नाही.
लाल प्रश्नावर काट मारली, ओळीखाली टिंबं दिली
एकापुढे एक,
म्हणजे जसं आहे तसं राहू द्या.

मग अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली.
पहिली नोंद:
मेघण. सोळा. दोरी दातांत धरते.
आईला सांगून निघाली, आईला न कळता.
पोहता येतं का, अजून कळलेलं नाही.